जुनी ऑटोमॅटिक घेताना गिअरबॉक्सचा कागद आधी मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसऱ्या-पाडव्याला दारात नवी गाडी आली की जुनी विक्रीला निघते आणि या जुन्या गाड्यांमध्ये आता ऑटोमॅटिक बऱ्याच दिसू लागल्या आहेत. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओत एएमटी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला आणि ऑटोमॅटिक छोट्या गाडीच्या बजेटमध्ये आली. त्या सुरुवातीच्या गाड्या आज दुसऱ्या-तिसऱ्या हातात जात आहेत. बघणारे मात्र अजून मॅन्युअलच्याच सवयीने गाडी बघतात. रंग, टायर, एसी, मीटरवरचे किलोमीटर, एक चक्कर आणि लगेच टोकन. मॅन्युअलमध्ये अंदाज चुकला तर बहुतेक वेळा क्लच सेटवर भागते. सीव्हीटी किंवा ड्युअल क्लच प्रकारचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. म्हणून विकणाऱ्याकडे पहिली मागणी एकच असावी: या गिअरबॉक्सचे आजवर काय काम झाले, त्याचा कागद दाखवा.

त्याआधी गाडीत गिअरबॉक्स कुठला आहे ते पक्के करून घ्यावे, कारण एएमटी, टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी आणि ड्युअल क्लच या चार प्रकारांचे चार वेगळे रोग आहेत आणि मॉडेलच्या नावावरून प्रकार कळेलच असे नाही. २००८ ते २०१३ ची होंडा सिटी टॉर्क कन्व्हर्टरवर होती, २०१४ पासून सीव्हीटीवर आली. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबायचे आणि गिअर टाकायचे काम माणसाऐवजी ॲक्चुएटर नावाची यंत्रणा करते. त्यामुळे क्लच प्लेट यातही झिजते. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवणाऱ्याच्या हातात ती फार लवकर झिजते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची शक्ती क्लचऐवजी तेलातून गिअरबॉक्सकडे जाते. इनोव्हा क्रिस्टा किंवा जुन्या क्रेटातला सहा गिअरांचा गिअरबॉक्स हा तोच, तेल वेळेवर बदलले तर चौघांत सर्वांत दणकट. सीव्हीटीत दोन पुलींमधला पोलादी पट्टा तेलाच्या दाबावर धरलेला असतो. तेल जुने झाले किंवा भलतेच भरले की पकड सुटते, पट्टा घसरतो, पुलीवर चरे पडतात. ड्युअल क्लचमध्ये सम आणि विषम गिअरांना वेगळा क्लच असतो. २०२० च्या आधीच्या पोलो जीटी टीएसआयसारख्या गाडीत हे क्लच कोरडे आहेत. ट्रॅफिकमध्ये गाडी इंच-इंच सरकत राहिली की ते तापतात आणि थरथरू लागतात.

आता सर्व्हिस रेकॉर्ड. विकणारा मोबाइलवर पाठवतो ती पीडीएफ पुरावा म्हणून धरू नये, त्यात आकडे सहज बदलता येतात. मालकाला त्याच्याच फोनवर, त्याच्या नोंदणीकृत क्रमांकाने कंपनीचे ॲप उघडायला सांगा, किंवा त्याला घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जा आणि चासी नंबरवरून पूर्ण यादी काढून घ्या. चासी नंबर गाडीवर कोरलेला आणि आरसीवरचा, दोन्ही ताडून पाहावेत. मालक यायलाच तयार नसेल तर दुसरी गाडी बघावी, बाजारात गाड्यांची टंचाई नाही.

यादीत तारीख आणि किलोमीटर चढत्या क्रमाने जातात का, हे तर सगळेच बघतात. खरी माहिती सुट्या भागांच्या ओळींत असते. समजा, गाडी २०१७ ची आहे आणि मीटर ३८ हजार दाखवतो. २०२० च्या जॉब कार्डवर (सर्व्हिसच्या कामाच्या नोंदपत्रावर) ब्रेक पॅड दुसऱ्यांदा बदललेले आहेत. चारही टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे २३२१ आहेत, म्हणजे २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेले टायर. मूळचे टायर तोवर संपले होते. पुढे तीन वर्षे कंपनीत एकही नोंद नाही. या तिन्ही गोष्टी ३८ हजारांत बसत नाहीत. मीटर मागे नेल्याचा संशय इथेच घ्यावा आणि मधल्या काळातली बाहेरच्या गॅरेजची बिले मागावीत.

गॅरेजच्या बिलावर ‘गिअर ऑइल बदलले’ एवढेच लिहिलेले असेल तर त्याला अर्थ नाही. तेलाचा ग्रेड आणि लिटर, दोन्ही पाहिजेत. होंडाच्या अलीकडच्या सीव्हीटीला एचसीएफ-२ लागते, क्रिस्टाला टोयोटाचे डब्ल्यूएस, ह्युंदाईच्या सहा गिअरांच्या टॉर्क कन्व्हर्टरला एसपी-फोर. सीव्हीटीत साधे एटीएफ (टॉर्क कन्व्हर्टरचे तेल) भरलेले दिसले की ती गाडी तिथेच सोडून द्यावी. लिटरचा आकडा त्याहून बोलका असतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समध्ये एका निचऱ्यात निम्म्याच्या आसपासच तेल निघते, बाकीचे कन्व्हर्टर आणि कूलरच्या नळ्यांत राहते. बिलावर तीन-चार लिटर असतील तर तेल खरोखर बदलले आहे. एकच लिटर असेल तर नुसती भर घातली आहे. तेल जळून कमी होत नाही, त्यामुळे भर घालावी लागली याचा अर्थ कुठेतरी गळती आहे.

‘याचे तेल आयुष्यभराचे असते, बदलायचे नसते’ हे वाक्य विक्रेते हमखास ऐकवतात. आयुष्य कुणाचे, गाडीचे की वॉरंटीचे, ते कुणी सांगत नाही. तेल उष्णतेने खराब होते आणि आपल्या शहरांतल्या ट्रॅफिकमध्ये गिअरबॉक्स तापतच असतो. मालकाच्या पुस्तिकेत कठीण वापरासाठी वेगळे अंतर दिले असेल तर तेच धरावे. दिलेच नसेल तर सीव्हीटीचे तेल साधारण ४० हजारांवर आणि टॉर्क कन्व्हर्टरचे ६० हजारांच्या आसपास बदललेले असावे. ८० हजार झालेली सीव्हीटी आणि तेलाची एकही नोंद नाही, तर नव्या गिअरबॉक्सचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत.

जॉब कार्डवर ‘टीसीएम’ (गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर), ‘ॲक्चुएटर’, ‘मेकॅट्रॉनिक’ (ड्युअल क्लचची नियंत्रण यंत्रणा), ‘क्लच किट’, ‘सॉफ्टवेअर अपडेट’ असे शब्द दिसले म्हणून गाडी नाकारायचे कारण नाही. ७० हजारांवर क्लच किट बदललेली एएमटी मूळ क्लचवर चालणाऱ्या एएमटीपेक्षा चांगली. एकच तक्रार दोन-तीन कार्डांवर परत परत दिसली आणि पुढे ‘तपासले, ठीक आहे’ एवढाच शेरा असला तर मात्र दोष अजून गाडीतच आहे असे समजावे.

गाडी बघायला सकाळी जावे आणि मालकाला आधीच सांगावे की सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावून बघावा. थंड गिअरबॉक्सचे दोष गरम झाल्यावर झाकले जातात आणि काही दोष गरम झाल्यावरच दिसतात, म्हणून अर्धा-पाऊण तास तरी गाडी चालवावी. ब्रेक दाबून पी (पार्क) मधून आर (रिव्हर्स) आणि डी (ड्राइव्ह) मध्ये टाका. सेकंदभरात गिअर बसला पाहिजे. दोन सेकंद लागले किंवा धाडकन हिसका बसला तर आतला दाब कमी आहे किंवा माउंटिंग (गिअरबॉक्स धरणारे रबरी आधार) गेले आहे. हायवेवर ६० ते ८० च्या वेगात ॲक्सिलरेटर हलका ठेवा. रस्त्यावरच्या खडबडीत पट्ट्यांवरून जाताना येते तशी थरथर आली तर टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच (वेग आल्यावर इंजिन थेट गिअरबॉक्सला जोडणारा) घसरतो आहे. आरपीएमचा काटा चढतो आणि वेग वाढत नाही, ही घसरण सीव्हीटीतही तशीच ओळखता येते. एएमटी फ्लायओव्हरच्या चढावर थांबवून पुन्हा उचलून बघा. कापत उचलली किंवा जळका वास आला तर क्लच संपत आला आहे. अधिकृत वर्कशॉपच्या स्कॅनरवर क्लचची झीज वाचता येते, ती वाचून घ्यावी. ड्युअल क्लच मुद्दाम ट्रॅफिकमध्ये न्या आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये दहा मिनिटे सरकवा. बहुतेक एएमटींमध्ये पी नसतोच. ज्या गाडीत आहे, ती चढावर पी मध्ये ठेवून हँडब्रेकशिवाय ब्रेक हळूच सोडावा. दोन-चार बोटे सरकून ती थांबली पाहिजे.

हजार रुपयांच्या आत मिळणारा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारा) सोबत असावा. त्यात ‘कोड पुसल्यापासूनचे अंतर’ असा एक आकडा मिळतो. चेक इंजिनचा दिवा लागत नाही, पण हा आकडा १२ किलोमीटर दाखवतो, म्हणजे बहुधा कुणीतरी नुकतेच कोड पुसून गाडी उभी केली आहे. गिअरबॉक्सचे कोड मात्र स्वस्त स्कॅनरला बहुधा वाचता येत नाहीत. त्यासाठी वर्कशॉपमध्ये जावेच लागते.

गाडी लिफ्टवर घेऊन गिअरबॉक्सचा ड्रेन प्लग काढायला मालक तयार असेल तर तेवढे चांगले. प्लगच्या चुंबकावर राखाडी, मऊ लेप असणे नेहमीचे आहे. बोटाला टोचणारे धातूचे कण असतील तर आत बेअरिंग किंवा गिअर तुटतो आहे. तेल गढूळ, दुधाळ गुलाबी असेल तर आत पाणी गेले आहे. एक तर रेडिएटरमधला कूलर फुटला, नाही तर गाडी पुरात उभी होती. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये असंख्य गाड्या बुडाल्या. धुऊन, सीट कव्हर बदलून पुरातल्या गाड्या दुसऱ्या जिल्ह्यांत विकल्या जातात. पाणी ब्रीदरच्या (हवा जाण्यायेण्याच्या) छिद्रातून गिअरबॉक्समध्ये शिरते आणि क्लच प्लेटवरचे अस्तर सुटू लागते. त्यामुळे अशी गाडी काही महिने नीट चालून मग घसरते. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून मुळाशी चिखलाची रेघ दिसते का बघावे, सीटचे रूळ आणि स्टेपनीखालचा खळगा बघावा. विम्याच्या दाव्यांचा इतिहास विकणाऱ्याकडून लेखी घ्यावा.

कागदपत्रांचे थोडक्यात. सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर गाडी कितव्या मालकाची आहे ते, कर्जाचा बोजा आणि थकलेली चलने आधी बघावीत. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असल्यास बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र, परराज्यातली गाडी असल्यास ना हरकतीचा फॉर्म २८. विमा नावावर करण्याचा अर्ज १४ दिवसांत गेला पाहिजे. नो क्लेम बोनस मात्र जुन्या मालकाचाच राहतो. गाडी डीलरकडून घेत असाल तर त्याचे आरटीओचे अधिकारपत्र मागावे. हा नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहे.

शेवटी दोन मागण्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या फॉर्म २९ आणि ३० मध्ये मीटर रीडिंगचा रकाना नाही. ब्रिटनमध्ये गाडीच्या प्रत्येक वार्षिक एमओटी तपासणीत मीटरचा आकडा नोंदला जातो आणि गाडीच्या नंबरवरून तो कुणालाही सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतो. आपल्याकडे निदान हस्तांतरणाच्या वेळी आणि पीयूसी काढताना हा आकडा वाहन पोर्टलवर चढवला, तर मीटर मागे नेणाऱ्यांची मोठी अडचण होईल. दुसरी मागणी कंपन्यांकडे आहे. आरसी नावावर झाल्यावर नव्या मालकाला त्या गाडीची सगळी जुनी जॉब कार्डे, आधीच्या मालकाचे नाव-पत्ता वगळून, मागताक्षणी मिळाली पाहिजेत. आज ती देणे-न देणे काउंटरवरच्या माणसाच्या मर्जीवर असते.

कळावे,
आपला,
एक वाहन तंत्रज्ञ, चिंचवड