टर्मिनल बदललं, त्याबद्दल

पुणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. फक्त रंगांसाठी कुणी टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, बदलतं का, असं विचारलंस. मी बदललं, आणि तूही बदलावंस असं मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

जुन्यात २५६ रंग होते. ऐकायला भरपूर वाटतात. पण पहिले १६ थीमचे, शेवटचे २४ राखाडी, आणि मधले २१६ लाल-हिरव्या-निळ्याच्या सहा-सहा पायऱ्यांतून बनलेले: ०, ९५, १३५, १७५, २१५, २५५. बघ, शून्यानंतर थेट ९५! मधल्या सगळ्या गडद छटा गायब. आणि दिवसभर काळ्या पार्श्वभूमीवर काम करणाऱ्या आपल्याला नेमक्या त्याच लागतात.

गिटचा डिफ घे, म्हणजे कोडमध्ये कुठे काय बदललं ते ओळीओळीने दाखवणारी यादी. नव्या ओळीमागे हिरव्याची पुसटशी झाक हवी, आणि तिच्यात जेवढं बदललं तेवढ्यामागे जरा उठून दिसणारा हिरवा. त्या २१६ मधला सगळ्यात मंद हिरवा म्हणजे लाल ०, हिरवा ९५, निळा ०. तो अख्ख्या ओळीला दिला की शब्दासाठी पुढची पायरी १३५, आणि तिच्यावर पांढरी अक्षरं वाचताना डोळे शिणतात. नव्या टर्मिनलच्या ट्रूकलरमध्ये लाल, हिरवा, निळा या प्रत्येकाला २५६ पायऱ्या, म्हणजे एकूण १ कोटी ६७ लाखांहून जास्त रंग. डिफ रंगवून दाखवणाऱ्या डेल्टामध्ये मी ओळीला २०, ४५, २५ दिलाय आणि शब्दाला ३०, ९०, ४५. एखादा कंस जरी हलला तरी आता चटकन नजरेत भरतो. कोडचा रिव्ह्यू करताना याचं मोल काय, ते तुला वेगळं सांगायला नको.

मी किटी हे टर्मिनल घेतलं. ई-पुस्तकांचं कॅलिबर लिहिणाऱ्या कोविद गोयल यांचंच ते. अ‍ॅलाक्रिटी हे टर्मिनलही ट्रूकलर दाखवतं आणि वेगवान आहे, पण त्यात स्वतःचे टॅब आणि स्प्लिट (खिडकीचे भाग) मुद्दामच ठेवलेले नाहीत. मला ते लागतात.

नुसतं टर्मिनल बदलून मात्र भागत नाही. एका टर्मिनलमध्ये अनेक चालवणारं टीमक्स वापरतोस, तर बाहेरच्या टर्मिनलला आरजीबी, म्हणजे ट्रूकलर, कळतं हे त्याच्या टर्मिनल-फीचर्समध्ये लिही. व्हिम एडिटरमध्ये टर्मगुईकलर्स ही सेटिंग चालू कर, त्यातूनच निघालेलं निओव्हिम ०.१० पासून ते बहुतेक आपलं आपणच ओळखतं. तुझं निम्मं काम सर्व्हरवर, तिथे दोन अडचणी येतील. किटीची टर्मइन्फो नोंद, म्हणजे टर्मिनलला काय जमतं त्याचं वर्णन, तिकडे नसली की अनोळखी टर्मिनल म्हणून तक्रार येते. सर्व्हरवर जाताना साध्या एसएसएचऐवजी किटीचं किटन एसएसएच वापरलंस की ती नोंद सोबत जाते. दुसरी म्हणजे ट्रूकलर चालतो असं सांगणारं कलरटर्म हे व्हेरिएबल साध्या एसएसएचमधून सहसा पलीकडे पोचत नाही. मग डेल्टा गुपचूप २५६ वर उतरतो आणि रंग का बिघडले ते कळत नाही. असं झालं तर आधी तेच तपास.

माझी सेटिंगची फाईल सोबत पाठवतोय. तुझा मॉनिटर जरा काळपट दाखवतो, तेव्हा ओळीचा हिरवा ४५ वरून ५५ पर्यंत न्यावा लागेल. लावून बघ आणि कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद