तान्ह्या पोळ्याला जंपिंग लावायची असेल तर आधी जमीन पाहा

प्रति,
मा. अध्यक्ष आणि कमिटीचे सगळे सदस्य,
आपली सोसायटी, बेसा, नागपूर

विषय: तान्ह्या पोळ्याच्या कार्यक्रमात हवेची जंपिंग कुठं लावायची आणि कशी बांधायची याबद्दल

नमस्कार काका,

ग्रुपवर कार्यक्रमाची यादी वाचली, बैल सजावट, बक्षिसं, नाश्ता आणि यावर्षी लेकरांसाठी मोठी जंपिंग, ते मिकीमाऊसचं फुगवलेलं घर. लेकरं आतापासूनच विचारून राहिली आहेत आणि ती लागावी असंच मलाही वाटते, म्हणून हे पत्र नको म्हणायला नाही. पण जागा कोणती आणि तिथं ती बांधणार कशी हे कोणीच विचारलं नाही, "तो जंपिंगवाला पाहून घेईल" एवढंच एकानं लिहिलं आणि विषय संपला. माझं काम बांधकाम साइटवरचं आहे, रोज माती, मुरूम, काँक्रीट पाहते, त्यामुळं यावर गप्प बसवत नाही.

मे महिन्यात बी विंगच्या मागं वाढदिवसाला जंपिंग आली होती ते तुम्हाला आठवत असेल. पेव्हर ब्लॉकवर ठेवली होती, खुंटा ठोकायला जागाच नाही, तर भाड्यानं देणाऱ्याच्या माणसानं एक दोर बाकड्याला बांधला, एक कोणाच्या तरी स्कूटरला, आणि मागच्या दोन कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. संध्याकाळी आपल्याकडं येते तशी धुळीची वावटळ आली आणि मागचा कोपरा चांगला हातभर वर उचलला गेला, आत पाच-सहा पोट्टे होते. दोघा-तिघांनी धावत जाऊन धरलं, कोणाला काही झालं नाही. पण नंतर त्यावर एक शब्द चर्चा झाली नाही, आणि आता तेच मोठ्या आकारात परत होऊन राहिलं आहे.

हे उगाच घाबरवणं नाही. १६ डिसेंबर २०२१ ला ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात, डेव्हनपोर्ट गावच्या एका प्राथमिक शाळेत वर्षअखेरच्या कार्यक्रमात अशीच जंपिंग वाऱ्यानं उचलली, मुलं साधारण १० मीटर उंचीवरून पडली आणि ६ मुलं गेली. बांधायला आठ जागा होत्या आणि खुंट्या चारच मारल्या होत्या. कोर्टानं चालवणाऱ्या बाईला निर्दोष सोडलं, कारण ती वावटळ इतकी अचानक आणि जोरदार होती की आठही खुंट्या असत्या तरी फरक पडला नसता असं कोर्टाचं म्हणणं होतं. ही दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, म्हणजे नुसतं बांधून भागत नाही, वाऱ्यावर नजर ठेवणारा माणूस पण लागतो. इंग्लंडमध्ये २०१६ साली हार्लो गावच्या पार्कमध्ये जंपिंग सुटून जवळजवळ ३०० मीटर लांब गेली, आत सात वर्षांची मुलगी होती, ती वाचली नाही, आणि तिथल्या दोन चालवणाऱ्यांना २०१८ मध्ये तीन-तीन वर्षांची शिक्षा झाली. जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० ते २०२१ मधल्या जगभरच्या बातम्या गोळा केल्या तर फक्त वाऱ्यामुळं झालेल्या अशा १३२ घटना सापडल्या, आणि त्यात आकाश साफ असताना उठलेल्या वावटळी पण आहेत. नागपूरच्या उन्हाळ्यात वावटळ काय असते ते आपल्याला सांगायला नको.

जंपिंग दिसते भलीमोठी पण रिकामी असताना शंभर-दीडशे किलोची वस्तू आहे, आत नुसती हवा, आणि वाऱ्याला अडवायला एवढं मोठं अंग. वारा दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. युरोपात यासाठी ईएन १४९६० नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात कमीत कमी सहा जागी बांधायला सांगितलं आहे आणि प्रत्येक जागेनं १६०० न्यूटन, म्हणजे साधारण १६३ किलोची ओढ सहन केली पाहिजे. सहा जागा धरल्या तर जवळपास एक टन झाला. एवढं सगळं नीट केल्यावर सुद्धा वाऱ्याची मर्यादा ताशी ३८ किलोमीटर. आता यापुढं विटा आणि स्कूटर ठेवून पाहा.

आपल्या सोसायटीत चार प्रकारची जमीन आहे आणि चारही ठिकाणी बांधायची पद्धत वेगळी लागते.

मागचं लॉन सगळ्यांना बरं वाटेल, मऊ आहे, कोणी पडलं तरी लागत नाही. पण खाली काळी माती आहे काका, आणि तान्हा पोळा येतो भर पावसाळ्यात. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते, उन्हाळ्यात तीच आटते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात, म्हणजे दोन्ही मोसमात खुंट्याला धरून ठेवायला ती कमीच पडते. इंग्लंडच्या सरकारी सूचनांमध्ये खुंट्याचं माप दिलं आहे, ३८० मिलिमीटर लांब आणि १६ मिलिमीटर जाड. १६ एमएमची सळई आपल्याला घरची आहे, पण ही लांबी घट्ट जमिनीसाठी ठीक, आपल्या ओल्या काळ्या मातीत मी दुपटीहून कमी लांबी मान्य करणार नाही आणि गरज पडली तर एका दोराला दोन खुंटे लावायचे. खुंटा सरळ उभा नाही ठोकायचा, डोकं जंपिंगपासून बाहेरच्या बाजूला कललेलं पाहिजे, आणि पूर्ण आत गेला पाहिजे. अर्धा बाहेर राहिला की दोर वरून ओढतो, खुंटा वाकतो आणि मग उपटतो, वर लेकरांचे पाय अडकतात ते वेगळं. सगळे खुंटे ठोकून झाले की दोन धडधाकट माणसांनी प्रत्येक दोर त्याच्याच दिशेनं जोर लावून ओढून पाहायचा, जरा हलला तरी तो खुंटा बाद. दोन माणसांच्या ओढीनं १६३ किलोची खात्री होत नाही हे मला माहीत आहे, पण ढिला खुंटा तरी तिथंच सापडतो. आणि एक, लॉनखालून बागेच्या दिव्यांची केबल आणि बोअरची लाइन गेलेली आहे, ती कुठून जाते हे आपल्या इलेक्ट्रिशियनला विचारून चुन्यानं आखल्याशिवाय कोणी घण उचलायचा नाही.

गेटजवळचा मुरूम दिसायला सगळ्यात पक्का आहे पण तो मागच्या वर्षीच भरला आहे आणि त्यावर रोलर फिरला नाही, नुसत्या गाड्या फिरल्या. नीट दाबलेला मुरूम खुंटा फार छान धरतो, भरलेला मुरूम नाही धरत. सब्बल मारून पाहिली की लगेच समजते, चार-सहा घावांत हातभर आत गेली तर ती जागा खुंट्याच्या कामाची नाही. याच्या उलटही होते, वरचा थर इतका कडक की सळई अर्ध्यात अडकते, मग पोरं कंटाळून तशीच सोडून देतात. तिथं आधी ड्रिलनं बारीक भोक पाडून मग ठोकायची, अर्धी ठेवायची नाही.

पेव्हर ब्लॉकवर कार्यक्रम करायचा हट्ट असेल, कारण चिखल होत नाही, तर खुंटा विसरा. ब्लॉक उचकटून फटीत सळई मारतात ते तर अजिबात नको, ब्लॉकखाली दोन इंच रेती असते, तिला पकड काहीच नाही. इथं वजनच लागते, प्रत्येक जागी १६३ किलो. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात रेती गच्च भरली तर पन्नास-पंचावन्न किलो होते, म्हणजे एका जागेला तीन पोती काठावर, मी चार धरीन, सहा जागांना चोवीस पोती. पोत्यांचा ढीग नुसता पट्ट्यावर ठेवायचा नाही, झटका बसला की पट्टा खालून निसटतो, पोती एकमेकांना बांधून त्यातून दोर घ्यायचा. याहून सोपं म्हणजे निळे दोनशे लिटरचे ड्रम, काठोकाठ पाणी भरलं की दोनशे किलो, सहा ड्रम पुरतात, झाकण घट्ट आणि दोर ड्रमच्या बुडाशी बांधायचा, वर बांधला तर ड्रम आडवा होतो. ड्रम भरलेलाच आहे का हे दर तासानं कोणी पाहायला पाहिजे कारण एखादा गळका निघाला तर वजन हळूहळू कमी होते आणि बाहेरून काही समजत नाही. कारला बांधायला माझी हरकत नाही, कार जड असते, पण मग त्या कारची चावी कार्यक्रम संपेपर्यंत कमिटीकडं जमा, नाहीतर कोणी दूध आणायला गाडी काढली की संपलं. टू-व्हीलर, बाक, झाड, बागेची जाळी, यातलं काहीच चालणार नाही.

पोडियमवर नको, टेरेसवर तर विचारच नको. खाली पार्किंगचा स्लॅब आहे, हूक बसवायला ड्रिल मारलं की वॉटरप्रूफिंग गेलं, आणि दोन विंगच्या मधून तिथं वारा नळीतून आल्यासारखा जोरात येतो, खाली पान हलत नसताना वर कपडे उडत असतात.

आता माझी खरी मागणी. दर वर्षी जंपिंगवाल्याच्या भरवशावर राहण्यापेक्षा लॉनमध्ये सहा ठिकाणी काँक्रीटचे ठोकळे कायमचे गाडून घेऊ, दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल, आणि वर जमिनीच्या पातळीत गॅल्व्हनाइज्ड हूक, झाकण लावून. असा एक ठोकळा दोनशे किलोच्या वर भरतो, म्हणजे माती फुगो की आटो, ठोकळ्याचं स्वतःचं वजनच १६३ च्या वर आहे. सहा ठोकळ्यांना अर्ध्या घनमीटरहून थोडं जास्त काँक्रीट लागते, चार-पाच पोती सिमेंट. ते सात दिवस पाणी मारून नीट पक्कं होऊ द्यायला पाहिजे, म्हणून निर्णय लवकर घ्या. गणपतीच्या मंडपाला पण हेच हूक कामी येतील, दर वर्षी मंडपवाला लॉनभर खड्डे करतो ते थांबेल. या वर्षी जमलं नाही तर पाण्याच्या ड्रमवर भागवू, पण मधला मार्ग म्हणून विटा चालणार नाहीत.

वाऱ्याचं असं की हातात धरायचा वारा मोजायचा मीटर ऑनलाइन मिळतो, सोसायटीनं एक घेऊन ठेवावा. जवळ नसला तर झाडांकडं पाहा, पानं असलेली लहान झाडं बुंध्यासकट डोलायला लागली म्हणजे वारा तीस-पस्तीसच्या आसपास पोचला, लेकरं बाहेर. आणि लेकरं बाहेर काढून जंपिंग फुगलेली तशीच उभी नाही ठेवायची, हवा सोडायची, दोर मात्र पूर्ण बसेपर्यंत सोडायचे नाहीत. मोकळी उडालेली जंपिंग बाजूला उभ्या माणसांवर पण पडते. पावसाळ्यात वीज कडकडायला लागली तरी हेच, मोबाईलमध्ये दामिनी ॲप टाकून ठेवलं तर आधी समजते.

ब्लोअर सतत चालू लागतो, लाइट गेली की छत खाली बसायला लागते. तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी लाइट जाणारच नाही असं कोणी सांगू शकत नाही, म्हणून ब्लोअरजवळ एक मोठा माणूस बसलेला पाहिजे, जेवायला उठला तर दुसरा बसवून. वायर ओल्या गवतावरून न्यायची नाही आणि लाइन ईएलसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) असलेल्या बोर्डावरूनच घ्यायची. लहान-मोठे वेगळे सोडणं, चपला, चष्मे, लाकडी बैल बाहेर ठेवणं हे आपल्या बायका पाहून घेतील, ते मी आमच्या ग्रुपवर ठरवते.

भाड्यानं देणाऱ्याशी बोलताना ॲडव्हान्स देण्याआधीच विचारा की तुमच्या जंपिंगला बांधायच्या रिंगा किती आहेत आणि सगळ्या शाबूत आहेत का, खुंटे स्वतःचे आणता की इथं शोधता, वारा वाढला तर बंद करायचा अधिकार कोणाला. शेवटच्याचं उत्तर आपल्या बाजूनं कागदावर पाहिजे, म्हणजे कमिटीचा माणूस बंद म्हणाला की बंद, पैसे पूर्ण देऊ पण वाद नाही. मागच्या वेळी तो माणूस "काही होत नाही मॅडम" म्हणत राहिला आणि त्याला थांबवायचा हक्क कोणाकडंच नव्हता, माझी खरी चिडचिड त्याचीच आहे.

काका, रविवारच्या मीटिंगमध्ये हा विषय पहिला घ्या. त्याआधी शनिवारी सकाळी मी टेप आणि सब्बल घेऊन लॉनमध्ये येते, तुम्ही आणि सेक्रेटरी भाऊ आले तर जागा तिथंच आखून टाकू, इलेक्ट्रिशियनला पण बोलावून घ्या.

आपली,
बी विंगमधली एक रहिवासी

ता. क. – ड्रम आपल्याकडं दोनच आहेत, पंपरूमच्या मागं. बाकीचे चार मी साइटवरून आणून देते, नेण्या-आणण्याची गाडी मात्र सोसायटीनं पाहावी.