नाटकाच्या तासाला मुलांना बोलू द्या : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

पुण्यातल्या एका महाविद्यालयात मी पदवीच्या वर्गांना मराठी शिकवते. अभ्यासक्रमात नाटक असतं. ते वाचायचं कसं, हे शिकवायला मात्र वेळापत्रकात जागा नसते. ती जागा आपल्या खात्याच्या एका निर्णयाने होऊ शकेल, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

समजा, विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ नेमलेलं आहे. कथानक, पात्रपरिचय, ‘नाटकातील स्त्रीचित्रण’ अशी तयार उत्तरं मुलं गाईडातून पाठ करतात. लुटुपुटूच्या खटल्यात आरोपी केलेल्या शिक्षिका बेणारेबाईंवर अन्याय झाला, एवढं सगळ्यांना लिहिता येतं. तो अन्याय नाटककाराने प्रसंगाप्रसंगातून कसा उभा केला, हे पाहायची वेळच येत नाही.

हेच नाटक भूमिका वाटून वर्गात मोठ्याने वाचायला घ्या. सुरुवातीलाच दाराच्या कडीत बेणारेचं बोट चेमटतं. मुलं हसून पुढे जातात. पुढे तिला त्या खोलीतून निघून जायचं असतं तेव्हा दार उघडत नाही, आणि कुणीतरी आपणहून मागची पानं चाळायला लागतं. ज्याच्यापासून तिला दिवस गेलेले असतात तो प्रा. दामले संपूर्ण नाटकात रंगमंचावर येतच नाही. भूमिका वाटताना त्याच्या नावाचा कागद कुणालाच मिळत नाही, हे मुलांच्या तेव्हाच ध्यानात येतं. शेवटी बेणारे आपलं मन मोकळं करते. ते लांबलचक स्वगत चालू असताना बाकीची पात्रं जागच्या जागी गोठलेली असतात. मग ती हे सगळं कुणाला सांगते आहे? या एका प्रश्नावर अख्खा तास जातो, आणि तो जावाच. एरवी वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुलीही अशा वेळी हिरिरीने वाद घालतात.

तेंडुलकरांचंच ‘घाशीराम कोतवाल’ तर नुसत्या डोळ्यांनी वाचून हाती लागतच नाही. 16 डिसेंबर 1972 रोजी ते आपल्याच भरत नाट्य मंदिरात पहिल्यांदा उभं राहिलं, जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनात. त्यातली ब्राह्मणांची रांग कधी भिंत होते, कधी पडदा होते, कधी नाचते, आणि जे चाललंय ते लपवतेही. छापील पानावर त्याच्या जेमतेम काही ओळी दिसतात. बाकं सरकवून दहा-बारा मुलांना पाठमोरं उभं केलं की सत्ता लोकांच्या आडून कशी चालते, हे मला वेगळं सांगावं लागत नाही.

आपल्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव आहे, म्हणून ‘तृतीय रत्न’चाही उल्लेख करते. जोतीराव फुल्यांनी 1855 साली लिहिलेलं हे नाटक पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारलं. त्यातलं कुणबी जोडपं भविष्य सांगणाऱ्या जोशाच्या भूलथापांना बळी पडतं आणि शेवटी रात्रीच्या शाळेत शिकायला जायचं ठरवतं. मधूनमधून विदूषक येऊन प्रेक्षकांशी बोलतो. हा विदूषक कुणाच्या बाजूचा, आणि तो नसता तर आपण जोशाचं बोलणं कसं ऐकलं असतं? साहित्याचं विश्लेषण म्हणतात ते इथे सुरू होतं, आणि त्यासाठी आधी कुणीतरी जोशी होऊन वाचावं लागतं.

पुण्यातल्या मुलांना नाटकाची ओढ नाही, असं कुणी म्हणू नये. पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत रात्र रात्र तालमी चालतात. त्यात अभियांत्रिकीची आणि वाणिज्यची मुलंही असतात, म्हणून नाट्यवाचनाचा अभ्यासक्रम त्यांनाही ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे दुसऱ्या शाखेतून निवडलेला विषय, म्हणून घेता आला पाहिजे. विद्यापीठाचं ललित कला केंद्र नटांना आणि दिग्दर्शकांना घडवतं. मी बोलते आहे ते नट न होणाऱ्या हजारो मुलांबद्दल, ज्यांना आयुष्यभर नाटक पाहायचं आणि वाचायचं आहे.

आता मागणी. अभ्यासक्रम ठरवणं हे विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाचं काम, हे मला ठाऊक आहे. पण कार्यभार, म्हणजे शिक्षकाच्या कामाचे तास, आणि पदं शासन मंजूर करतं. श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत व्याख्यानाच्या एका श्रेयांकाला 15 तास आणि प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला 30 तास धरले जातात. विज्ञान शाखेत प्रयोगशाळेसाठी वर्गाच्या छोट्या तुकड्या करतात आणि ते तास शिक्षकाच्या कार्यभारात मोजतात. नाटकासाठी तीच सोय हवी. नाटक नेमलेल्या प्रत्येक अभ्यासक्रमात एक श्रेयांक प्रात्यक्षिकाचा असावा, तुकडी वीस-पंचवीस मुलांची असावी आणि ते तास अधिकृत कार्यभारात धरले जावेत, असा शासन निर्णय काढा. शंभर मुलांच्या वर्गात भूमिका वाटता येत नाहीत. आणि हे काम तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर फुकट लादलं जाऊ नये. त्यांची आधीच किती ओढाताण होते, ते आपल्यापर्यंत पोहोचलेलं आहे.

परीक्षाही बदलायला हवी. न शिकवलेला एक प्रवेश छापून द्या आणि विचारा : इथे कोण काय लपवतंय, कोणत्या वाक्यापाशी पारडं फिरतं, दिग्दर्शन तुमच्याकडे असतं तर कोण कुठे उभं राहिलं असतं? याचं उत्तर कुठल्याच गाईडात मिळणार नाही.

ग्रंथालयांना नाटकाच्या एकेक प्रतीऐवजी तुकडीला पुरतील इतक्या प्रती घ्यायला निधी लागेल. तो फार मोठा नाही. शिवाय राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी पुण्यातही होते. ती सांस्कृतिक कार्य विभागाकडे आहे, म्हणजे आपल्याच सरकारकडे. तिथले दोन-तीन प्रयोग पाहून त्यावर लिहिणं हे प्रात्यक्षिकाचा भाग म्हणून धरता येईल. त्यासाठी दोन खात्यांनी एकदा एकत्र बसायला हवं.

येत्या शैक्षणिक वर्षाचा कार्यभार निश्चित होण्याआधी हा निर्णय झाला, तर जूनमध्ये पहिली तुकडी सुरू करता येईल. वर्गाची बाकं हलवायला आमची मुलं तयार आहेत.

आपली,
पुण्यातील एक मराठीची प्राध्यापिका