विषय : वार्षिक पॅक विकताना सांगितलेलं खोटं आणि न सोडवताच बंद केलेली तक्रार

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,

तुमच्या ग्राहक सेवेशी माझा पाचवा फोन आज संध्याकाळी पावणेसहाला संपला. पंधरा मिनिटांत मेसेज आला, ‘आपल्या तक्रारीचं समाधानकारक निवारण करण्यात आलं आहे.’ निवारण झालेलं नाही, म्हणून हे पत्र. पॅक कुठला, त्यात काय काय मिळतं, ते लिहीत बसत नाही. तुम्हीच विकता.

एप्रिल २०२५ मध्ये मुलीची दहावीची परीक्षा झाल्यावर मी इंटरनेट जोडणीबरोबरचा, मालिका बघायचा तुमचा वर्षाचा पॅक घेतला, तोही एकाच मालिकेसाठी, रॉबर्ट जॉर्डन यांच्या जादूच्या जगातल्या कादंबऱ्यांवरची ‘द व्हील ऑफ टाइम’. मालिका २०२१ पासून चालू होती, पण मोडतोड केली असेल या धास्तीनं मी ती बघितली नव्हती. म्हणूनच पॅक विकायला फोन केलेल्या तुमच्या माणसाला दोनदा विचारलं, पुस्तकात आहे तशीच आहे का? दोन्ही वेळा उत्तर आलं, ‘सेम टू सेम सर, पुस्तकवाल्यांसाठीच आहे. अजून बरेच सीझन येणारेत.’ त्या शब्दावर मी पैसे भरले.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो. नमुना राजापुरीचा दाखवला आणि पोत्यातून दुसराच माल निघाला, तर खरेदीदार तिथल्या तिथं सौदा मोडतो. ‘पोतं परत बांधून सोडून बघा’ असं त्याला कुणी सांगत नाही.

रॉबर्ट जॉर्डन यांचा पहिला खंड १९९० साली आला. एकूण चौदा खंड. मी ते एकेक करून, पगारातून पैसे बाजूला काढून घेतले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात आमच्या घरात शिरलं तेव्हा वरच्या फळीवरचे वाचले, खालचे चार भिजले. पंख्याखाली पान पान सुटं करून वाळवले. पहिला खंड आता दुप्पट जाड झालाय, मिटत नाही, आणि त्याला अजून गाळाचा वास येतो. त्याच पुरात माझ्या वडिलांना आम्ही दोघा भावांनी खुर्चीवर बसवून पाण्यातून बाहेर काढलं. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्या खंडातला रँड होता, गोष्टीचा नायक. जखमी बापाला रात्रभर जंगलातून ओढत गावाकडे नेणारा. बाप तापात बरळतो आणि त्या बरळण्यातून पोराला कळतं की आपण याच्या पोटचे नाही, डोंगरावर सापडलेलं मूल आहोत. तरी तो ओढतच राहतो. पुढच्या सगळ्या खंडांचा पाया त्या रात्रीत आहे.

लॉकडाउनमध्ये रोज जेवणानंतर मी ही गोष्ट मुलीला मराठीत सांगितली. ती अकरा वर्षांची होती. तिला त्यातली माणसं शेजारच्यांसारखी पाठ आहेत.

आणि तुमच्या ‘सेम टू सेम’ मालिकेत काय निघालं? पहिल्याच भागात रँडचा मित्र पेरिन, त्याला बायको! पुस्तकात तो लोहाराकडे शिकणारा, लग्न न झालेला पोरगा. अंगानं दांडगा, म्हणूनच जपून वागणारा, आपल्या हातून कुणाला लागू नये म्हणून बोलण्याआधीही विचार करणारा. मालिकेत त्याला बायको दिली आणि त्याच भागात, लढाईच्या गोंधळात, त्याच्याच कुऱ्हाडीनं ती मारली. त्याची घालमेल दाखवायला एक बाई मारावी लागली. माझ्या मुलीनं मालिका थांबवली आणि विचारलं, ‘बाबा, हे तुम्ही मला का नाही सांगितलं? लहान होते म्हणून गाळलं होतं का?’

मी काहीच गाळलं नव्हतं. पुस्तक तिच्यापुढं ठेवून दाखवावं लागलं.

बापाचं ते तापातलं बरळणं तर पहिल्या भागात नाहीच. ते थेट सातव्या भागात, आठवण म्हणून येतं, कारण जगाचा तारणहार कोण (पुस्तकात तो रँड) हे तोवर प्रेक्षकापासून लपवायचं होतं. त्यासाठी तो मुलगाही असेल, मुलगीही असेल असं करून टाकलं. पुस्तकात पुरुषांच्या वाट्याची जादूची शक्ती दूषित झालेली आहे, ती वापरणारा पुरुष शेवटी वेडा होतो. म्हणून जग ज्याची वाट बघतं त्यालाच घाबरतं. ती भीती काढली की मागं कोडं उरतं फक्त.

चौदा खंड आठ-आठ भागांच्या सीझनमध्ये मावणार नाहीत, हे मला कळतं. पहिल्या खंडातला हिरवा माणूस, वेली-पानांचा बनलेला राखणदार, अख्खा गाळला, त्याचं मला वाईट वाटलं, पण ते मी समजू शकतो. कापणं वेगळं, आणि माणसाचा स्वभावच उलटा करणं वेगळं. लेखिका उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अर्थसी’ या जादूगारांच्या जगातल्या पुस्तकांवर २००४ साली मालिका आली, तिच्यात नायकाचं गुप्त खरं नाव आणि लोकांत वापरायचं नाव यांची अदलाबदल करून टाकली होती. त्या गोष्टीचा सगळा जीवच खऱ्या नावात आहे. ले ग्विन हयात होत्या, त्यांनी जाहीर लिहून निषेध केला. जॉर्डन २००७ साली गेले. आजारपणातही त्यांनी शेवटचा प्रसंग लिहून ठेवला, टिपणं ठेवली, आणि त्यांवरून लेखक ब्रँडन सँडरसन यांनी २०१३ पर्यंत काम पुरं केलं. मरणाऱ्या माणसानं वाचकाला शेवट दिला. मालिका मे २०२५ मध्ये तीन सीझनवर बंद झाली. ‘अजून बरेच सीझन येणारेत’ म्हणून तुम्ही मला पॅक विकल्याला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते.

मालिका तुम्ही बनवलेली नाही, हे मला माहीत आहे. ‘सेम टू सेम’ मात्र तुमचा माणूस म्हणाला.

आता आजचा फोन. मराठीसाठी दोन दाबलं, बावीस मिनिटं गाणं ऐकलं. मग एक मुलगा आला. मी सगळं सांगितलं, शांतपणे. तो म्हणाला, ‘समजलं सर. व्हिडिओ अडकतोय का?’ नाही म्हटलं. ‘आवाज मागे-पुढे होतोय?’ नाही. ‘मग ॲप अनइन्स्टॉल करून परत टाका, टीव्ही दहा मिनिटं बंद ठेवा.’ मी विचारलं, त्यानं पेरिनचं लग्न मोडेल का? तो थांबला आणि म्हणाला, ‘पेरिन सर आपले अकाउंट होल्डर आहेत का?’ इथवर मी त्याला दोष देत नाही. त्याच्यापुढं जे लिहिलंय तेच तो वाचतो.

मग त्यानं वरिष्ठांना फोन दिला. त्यांनी ऐकून घेतलं नाही. पहिलाच प्रश्न, ‘सर, वय काय तुमचं?’ शेहेचाळीस, म्हटलं. ते हसले. मला स्पष्ट ऐकू आलं. म्हणाले, ‘अहो सर, जादूबिदूची पोरांची गोष्ट आहे ती. इतकं काय मनाला लावून घेताय? दुसरं काहीतरी बघा, कॉमेडी बघा.’ माझी मुलगी शेजारी बसली होती, फोन स्पीकरवर होता. तिच्यासमोर मला हे ऐकावं लागलं. मी म्हटलं, विक्रीच्या फोनचं रेकॉर्डिंग काढा. उत्तर, ‘ते ट्रेनिंगसाठी असतं सर, ग्राहकासाठी नसतं.’ आणि फोन ठेवला. मी नाही, त्यांनी ठेवला.

तुमची जोडणी मी इतकी वर्षं बदलली नाही. पुरानंतर आमच्या गल्लीत सगळ्यात आधी तुमचाच माणूस वायर ओढायला आला होता, चिखलातून. त्याला आम्ही चहा दिला होता. त्याच कंपनीतून आज मला हसून वय विचारतात.

पंधरा दिवसांत उरलेल्या महिन्यांचे पैसे माझ्या खात्यावर जमा करा आणि विक्रीच्या फोनचं रेकॉर्डिंग द्या. नाहीतर मी सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये खोटं सांगून विकण्याला अनुचित व्यापारी प्रथा म्हटलंय आणि एवढ्या रकमेच्या दाव्याला तिथं फी लागत नाही. हिशेबाची कागदपत्रं लावायची मला रोजची सवय आहे. पाचही फोनच्या वेळा लिहून ठेवल्यात.

आणि माझ्या तक्रारीचा प्रकार तुमच्याकडं ‘पिक्चर क्वालिटी’ असा नोंदलाय, तो आधी बदला. पिक्चर स्पष्ट दिसत होतं.

आपला एक ग्राहक,
गावभाग, सांगली