चिऊचे हेल्मेट कोणाकडून करायचे

ठाणे (प.),
१४ सप्टेंबर

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी चिऊचे चपटे झालेले डोके गोल व्हावे म्हणून घालायच्या हेल्मेटचा विषय निघताच बाबा, तुम्ही "एवढ्याशा लेकराच्या डोक्यावर कसले शिरस्त्राण चढवता" असे म्हणून फोन आईच्या हाती दिलात. आईने मोहरीच्या उशीची आठवण काढली आणि तेवढ्यात चिऊ रडू लागल्याने बोलणे तिथेच राहिले. पाटबंधारे खात्यात तीन निविदा समोर आल्याशिवाय सही न करणाऱ्या माणसाला "डॉक्टर म्हणाले" एवढे उत्तर पुरणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

चिऊच्या डोक्याची मागची उजवी बाजू चपटी झाली आहे आणि उजवा कान डाव्यापेक्षा किंचित पुढे सरकला आहे. मानेचा डावा स्नायू आखडलेला असल्याने ती सतत उजवीकडेच तोंड करून झोपायची, आणि पाळणाही आम्ही असा ठेवला होता की खिडकीचा उजेड उजवीकडूनच येई. हे माझ्या लक्षात यायला तीन महिने लागले, याचे अजून वाईट वाटते. आई, तुझ्या मोहरीच्या उशीवर दादा आणि मी वाढलो हे खरे. पण आता बाळाला उताणे, सपाट आणि घट्ट गादीवर, उशीशिवाय झोपवायला सांगतात, कारण उशीत नाक दबून श्वास कोंडण्याची भीती असते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये बाळांना पालथे न झोपवण्याची शिफारस केली, त्यानंतर तिकडे झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या जवळपास निम्म्यावर आली; चपट्या डोक्याची बाळे मात्र वाढली. चिऊला उताणे झोपवले याचा मला पश्चात्ताप नाही. मालिशवाल्या मावशी डोके दाबून गोल करायला बघत होत्या, ते मात्र बंद केले.

हेल्मेटच्या आधी एक शंका दूर करणे आवश्यक होते. कवटीच्या हाडांमधील सांधे वेळेआधी जुळून आले, तरीही डोके वाकडे होते. तिथे शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो आणि नुसते हेल्मेट उपयोगाचे नसते. मुलांच्या मेंदूशल्यचिकित्सकांनी सांधे बोटांनी चाचपले, डोके वरून पाहिले, आणि तसे काही नाही असे सांगितले. बाबा, तुम्हाला भूमितीत सांगायचे तर वरून तिचे डोके समांतरभुज चौकोनासारखे दिसते, आणि ते निव्वळ एकाच बाजूवर पडलेल्या दाबाचे लक्षण आहे. मेंदूला यात इजा नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले.

मग आम्ही तीन ठिकाणी गेलो. पहिले केंद्र चकचकीत होते. तिथल्या माणसाने चिऊला हातात घेण्याआधी आम्हाला पडद्यावर मोठ्या मुलांची वाकडी डोकी दाखवली, "मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो" असे सांगितले, आणि आजच नोंदणी केली तर सवलत मिळेल असेही. तुमचे जावई तिथून उठलेच. दुसरी कंपनी घरी येऊन स्कॅन करते, हेल्मेट दुसऱ्या शहरात बनते आणि कुरियरने येते. पुढची तपासणी व्हिडिओ कॉलवर. त्यांची किंमत तिघांत सर्वांत कमी होती, त्यामुळे आमचे मन तिकडे दोन दिवस झुकलेही.

तिसरी नौपाड्यातली एक ऑर्थोटिस्ट, म्हणजे शरीराला आधार देणारी अशी साधने मापाने बनवणारी तज्ज्ञ, जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. तिने आधी चिऊची मान दोन्ही बाजूंना वळवून पाहिली, मग लाकडी पेटीतून कॅलिपर काढून कपाळाच्या एका कोपऱ्यापासून मागच्या विरुद्ध कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजले. एक १३४ मिलिमीटर, दुसरा १२३. ती म्हणाली, "आधी सहा आठवडे मानेचे व्यायाम करा, जागेपणी पालथे ठेवा, पाळण्याची दिशा बदला, मग या." पैसे घेतले ते फक्त तपासणीचे. सहा आठवड्यांनी माप झाले १४२ आणि १३१. मान बरीच सुटली होती, पण ११ मिलिमीटरचा फरक जसाच्या तसा होता. तेव्हा कुठे ती हेल्मेटबद्दल बोलली.

बाबा, हेल्मेट डोके दाबत नाही. जिथे फुगवटा आहे तिथे ते नुसते टेकलेले असते आणि चपट्या भागावर आत मोकळी जागा सोडलेली असते. वाढणारे डोके त्या जागेत भरत जाते. म्हणून वय महत्त्वाचे. चौथ्या ते सहाव्या महिन्यात सुरुवात केली तर वाढीचा वेग हाताशी असतो, वर्षानंतर फारसे काही हाती लागत नाही. चिऊ साडेपाच महिन्यांची आहे. हेल्मेट दिवसाचे २३ तास घालायचे आणि एक तास अंघोळीला व साफसफाईला. डोके वाढते तसे आतले अस्तर दर एक-दोन आठवड्यांनी थोडे घासून जागा करून द्यावी लागते, आणि तासाभरातही न जाणारा लाल डाग दिसला तर लगेच दाखवायचे. खरे काम या घासण्यात आहे, आणि ते व्हिडिओवर होत नाही. नेदरलँड्समध्ये ८४ बाळांवर झालेली एक चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली; तिच्यात हेल्मेट घातलेल्या आणि न घातलेल्या बाळांत ती दोन वर्षांची झाली तेव्हा लक्षणीय फरक दिसला नाही. हे आम्हाला नौपाड्याच्या त्या बाईनेच, आगाऊ रक्कम घेण्याआधी सांगितले. त्या चाचणीत आखडलेल्या मानेची बाळे घेतली नव्हती, आणि हेल्मेट सरकते, नीट बसत नाही अशा तक्रारी पुष्कळ होत्या, हेही तिनेच सांगितले. आपल्या धंद्याविरुद्ध जाणारी गोष्ट जो स्वतःहून सांगतो, त्याच्या मापावर माझा विश्वास बसतो. तरीही भारतीय पुनर्वास परिषदेतील तिची नोंदणी आम्ही तपासली, तुमच्या शिस्तीप्रमाणे.

पहिल्या केंद्राची किंमत तिच्या दुपटीहून अधिक होती, शिवाय ते पश्चिम उपनगरात. गायमुखच्या घाटात अडकून दर पंधरवड्याला बाळ घेऊन जाणे म्हणजे काय, ते घोडबंदर रोडवर राहणाऱ्यालाच कळेल. कासारवडवलीहून नौपाडा त्यामानाने सोपे आहे. डोके पूर्ण गोल होईल असे वचन तिने दिलेले नाही. फरक पाचेक मिलिमीटरवर आला तरी मी समाधानी असेन. मला भीती आहे ती ऑक्टोबरच्या उकाड्याची, कारण ठाण्याच्या दमट हवेत आत घाम साचणार आणि अस्तर रोज पुसून वाळवावे लागणार.

हेल्मेट पुढच्या शुक्रवारी बसवायचे आहे. संक्रांतीपर्यंत ते कदाचित डोक्यावरच असेल, पण आई, बोरन्हाणाची काळजी करू नकोस. तो मोकळा एक तास आपण त्या दिवशी बोरन्हाणासाठी ठेवू. दसऱ्याला दोघे याल तेव्हा मोहरीची उशी तिकडेच राहू दे. त्याऐवजी तुझी जुनी जाड गोधडी आण, चिऊला पालथे ठेवायला इथल्या फरशीवर तीच हवी आहे.

तुमची,
ताई