भाषणाची परीक्षा बोलूनच घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यापासून पदवीच्या अभ्यासक्रमात भाषा आणि संवादकौशल्याच्या विषयांना स्वतंत्र श्रेयांक (क्रेडिट) मिळू लागले. आमच्या भागातल्या मुलांसाठी ही चांगली गोष्ट झाली. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तासिका तत्त्वावर मराठी शिकवते आणि प्रथम वर्षाचा भाषणकौशल्याचा विषय माझ्याकडे असतो. मी जिथे जिथे शिकवलं, तिथे या विषयाचीही मुख्य परीक्षा लेखीच झाली. ‘उत्तम वक्त्याचे गुण लिहा’, ‘श्रोत्यांचे प्रकार स्पष्ट करा’. मुलं गाइडमधून उत्तरं पाठ करतात, पेपर लिहितात, चांगले गुण मिळवतात. त्यातली कितीतरी वर्गासमोर एकदाही उभी राहिलेली नसतात.

वर्ग मोठा, वेळ कुठून आणायचा, असं यावर सांगितलं जातं. हिशेब करून पाहू. दोन श्रेयांकांच्या विषयाला तीस तास असतात. वर्गात ऐंशी मुलं धरली आणि प्रत्येकाला तीन मिनिटं दिली, तर एक फेरी चार तासांत होते. अशा तीन फेऱ्या घेतल्या तरी बारा तास. मुलांची ये-जा आणि त्यांच्या बोलण्यावरची चर्चा यात आणखी सहा-सात तास धरा. तरीही शिकवायला अकरा-बारा तास उरतात.

पहिल्या फेरीला बहुतेक मुलं शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेचं भाषण घेऊन येतात. ‘सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग...’ इथून जी सुटतात ती श्वास न घेता. एक शब्द निसटला की पुढचं सगळं जातं. मागच्या वर्षी शेतमजुरी करून शिकणारा एक मुलगा असाच चौथ्या वाक्याला थांबला. मान खाली, कानशिलं लाल, हात शर्टाच्या बटणाशी. त्याला जवळ बसवून विचारलं, घरी काय काम करतोस? म्हणाला, फवारणी. म्हटलं, पुढच्या वेळी त्यावरच बोल, आणि लिहून आणायचे फक्त पाच शब्द.

वहीच्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर त्याने लिहून आणलं: हवा, नोझल, रुमाल, डबा, आंघोळ. उभा राहिला आणि म्हणाला, ‘हवा कोनीकडून येऊन रायली, ते आंधी पाहा.’ नोझल अडकलं की तोंडाने फुंकायची सवय, तोंडाला रुमाल न बांधता फवारणं, औषधाचा रिकामा डबा धुऊन घरात वापरणं, फवारणीनंतर आंघोळ न करताच भाकरीवर बसणं, एकेक शब्दावर नजर टाकत तो सगळं सांगत गेला. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते त्या वर्गाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मागच्या बाकांवर चिडीचूप. एका मुलीने विचारलं, औषध डोळ्यात गेलं तर? तो म्हणाला, आधी भरपूर पाण्याने डोळे धुवा, मग दवाखान्यात जा आणि जाताना डब्यावरचं लेबल सोबत न्या, म्हणजे डॉक्टरला औषध कोणतं ते कळतं.

या मुलाला मी नवीन काही दिलं नव्हतं. पहिलं आणि शेवटचं वाक्य पक्कं ठेवायचं, मधला मजकूर टिपणावरून बोलायचा, एवढंच. छातीची धडधड सुरुवातीच्या मिनिटात सगळ्यात जास्त असते. पहिलं वाक्य तोंडात बसलेलं असलं की तेवढं मिनिट निभावतं. तीन मिनिटांत साडेतीनशे-चारशे शब्द मावतात, म्हणून एकच मुद्दा घ्यायचा. शेवटच्या बाकावरच्याला ऐकू जाईल असं बोलायचं. अडलं तर थांबायचं, पण ‘म्हणजे, म्हणजे’ करत जागा भरायची नाही. हे सगळं फळ्यावर लिहायला दहा मिनिटं पुरतात. अंगवळणी पडायला मात्र उभं राहावंच लागतं.

याच मुलाच्या बोलण्याबद्दल तोंडी परीक्षेला आलेल्या एका परीक्षकांनी ‘भाषा अशुद्ध’ म्हणून गुण कापले, याचा मला अजून राग आहे. गाडगेबाबा वऱ्हाडीतच कीर्तन करायचे. लोकांना प्रश्न विचारायचे, लोक उत्तरं द्यायचे, आणि त्यातूनच व्यसन आणि कर्जबाजारीपणा उघडा पडायचा. तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन गावोगाव बोलले, गायले. आज अमरावती आणि नागपूरच्या विद्यापीठांना या दोघांची नावं आहेत. त्यांच्याच मुलखातल्या पोरांना ‘येऊन रायली’ म्हटल्याबद्दल कमी गुण पडावेत, हे मला पटत नाही. प्रमाण भाषाही शिकवावी, मी शिकवते. पण आधी मूल बोलतं तर झालं पाहिजे.

मुलींचं आणखी वेगळं आहे. वक्तृत्वाचे कार्यक्रम कॉलेज सुटल्यावर ठेवतात, आणि गावाकडची शेवटची एसटी तोवर निघून जाते. म्हणून हे वेळापत्रकातल्या तासातच झालं पाहिजे. तेही दिवाळीआधी, कारण पुढे कापसाची वेचणी आणि अर्धा वर्ग शेतात.

याच मुली उद्या ग्रामसभेत बसणार आहेत. आपल्याकडे ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची कायद्यातच तरतूद आहे, पण तिथेही दोघी-तिघीच बोलतात आणि बाकीच्या सही करून उठतात. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क, म्हणजे आपल्या जंगलावरचा गावाचा हक्क, मिळवला, त्यामागे गावाने वर्षानुवर्षं अभ्यास गटात आणि ग्रामसभेत बसून, प्रत्येकाचं ऐकून, सर्वसहमतीने निर्णय घेण्याची सवय होती. माझ्या वर्गात मी शेवटची फेरी ग्रामसभेचीच घेते. अडचण काय, ती कोणाच्या अखत्यारीतली, आपली मागणी काय, हे तीन मिनिटांत मांडायचं. गेल्या वेळी एका मुलीने पाण्याच्या टाकीचा ठराव असा मांडला, की वर्गातल्या तिच्या गावच्या मुलांनी तो खरोखरच ग्रामसभेत नेऊ म्हणून लिहून घेतला.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना माझी विनंती आहे. या विषयाचे किमान निम्मे गुण प्रत्यक्ष बोलण्याला ठेवा, प्रत्येक मुलाच्या तीन फेऱ्या सक्तीच्या करा आणि बोलीसाठी गुण कापू नयेत असं परीक्षकांच्या सूचनांत स्पष्ट लिहा. तुकड्या करायच्या असतील तर तासिका तत्त्वावरच्या आम्हा शिक्षकांना त्या वाढीव तासांची मान्यता द्या. पुढच्या सत्राचं वेळापत्रक लागण्याआधी हे झालं, तर जुलैत येणाऱ्या मुलांना त्याचा उपयोग होईल.

आपली,
मराठीची एक अध्यापिका,
ता. आर्णी, जि. यवतमाळ
(नाव छापू नये, ही विनंती.)