मोबाइलवर एअर गन मारू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लेथवर लागणारं ड्रॉइंग आता मोबाइलवर येतं, तयार मालाचा फोटो गिऱ्हाइकाला तिथूनच जातो आणि पैसेही त्याच फोनवर जमा होतात. म्हणजे माप घ्यायच्या व्हर्नियरसारखाच तोही कारखान्यातला जिन्नस झाला. पण व्हर्नियर पुसून पेटीत जातो, फोन मात्र दिवसभर लेथच्या हेडस्टॉकवर, म्हणजे डाव्या टोकाच्या डोक्यावर, पडून असतो. सुटीच्या वेळी कॉम्प्रेसरच्या एअर गनने अंगावरच्या कपड्यांवर हवा मारली की तीच गन फोनवरही फिरते. (अंगावर हवा मारणंही धोक्याचंच, पण तो वेगळा विषय.) उद्योगनगरातल्या लेथपासून शिरोलीच्या फाउंड्रीपर्यंत हे सर्रास चालतं. धुळीने होतं त्याहून जास्त नुकसान ही हवा करते.

कॉम्प्रेसरच्या लाइनला सहसा ६ ते ८ बार प्रेशर असतं. ‘आयपी ६८’ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा, ६ धुळीसाठी आणि ८ पाण्यासाठी) लिहिलेला फोन साधारण दीड मीटर पाण्यात तपासतात. तिथला दाब जेमतेम ०.१५ बार. गनच्या तोंडापासून अंतर वाढलं की जोर कमी होतो हे खरं, पण माणूस गन फोनच्या स्पीकर-माइकच्या जाळीला टेकवूनच धरतो. त्या झोतात स्पीकरचा पडदा फाटतो, माइकची जाळी सुटते आणि बाहेर बसलेला कण आत ढकलला जातो. ड्रायर नसलेल्या लाइनमधून हवेबरोबर पाणी आणि तेलही येतं, ते वेगळंच.

‘आयपी’मधल्या ६ या आकड्यावरही भिस्त ठेवू नये. धुळीची ती चाचणी बंद पेटीत, बारीक चाळलेल्या टाल्कम पावडरीत आणि नव्या फोनवर होते. कूलंट किंवा लोखंडाचा बुरा तिच्यात नसतो. फोन दोनदा आपटला, रोज तापला किंवा डिस्प्ले बदलायला एकदा उघडला, की कडेचं सील पहिल्यासारखं राहत नाही.

धूळ कुठली, हेही पाहावं लागतं. लेथ आणि ग्राइंडरचा लोखंडी बुरा स्पीकरमधल्या चुंबकाकडे ओढला जातो. जाळीवर काळी दाढी दिसली की तो हाच. आत शिरला तर आवाज फाटतो. चुंबकाचं झाकण असलेलं कव्हर किंवा चुंबकी स्टँड अशा ठिकाणी घेऊच नये, कारण चुंबक बुरा स्वतःहून गोळा करतो. ॲल्युमिनियमचा कीस चुंबकाला चिकटत नाही, पण वीज वाहून नेतो. चार्जिंगच्या जागेत असा कण दोन संपर्कांत अडकला की पिन (चार्जिंगचं सॉकेट) तापते, काळी पडते. एमडीएफचा (दाबून केलेल्या लाकडी फळीचा) भुसा ओल धरतो आणि पिनेत घट्ट बसतो. इचलकरंजीच्या मागांवरची कापसाची तूस तर केबल खुपसताना दरवेळी थोडी आणखी दाबली जाते. मग ‘पिन ढिली झाली’ म्हणून फोन दुकानात येतो. प्रत्यक्षात पिन शाबूत असते, केबल शेवटपर्यंत जात नसते एवढंच.

साफ करायची रीत अशी. फोन बंद करा, कव्हर काढा आणि शेडच्या बाहेर जाऊन काम करा. जाळीवर पेंटरची मास्किंग टेप हलकी दाबून सरळ वर उचला. प्रत्येक वेळी टेपचा नवा तुकडा घ्या. बुरा निघेपर्यंत ब्रश लावू नका, तो कण आत सारतो. मग फोनची जाळी जमिनीकडे धरून मऊ, कोरडा टूथब्रश फिरवा.

टाइप-सी पिनेच्या तोंडाची उंची सुमारे अडीच मिमी आणि मधली जीभ ०.७ मिमी, म्हणजे जिभेच्या वर-खाली ०.९ मिमीच जागा उरते. दात कोरायची लाकडी काडी त्यात मावत नाही. ती ब्लेडने चपटी तासून घ्या आणि कडेकडेने मळ बाहेर ओढा, जिभेवर जोर देऊ नका. ती तुटली तर पिनच बदलावी लागते. सुई, टाचणी, स्क्रायबर यांचं इथे कामच नाही. सिम काढायची पिनही नीट बघून घाला. शेजारचं बारीक भोक बऱ्याचदा माइकचं असतं आणि तिथे टोचलेली पिन माइक निकामी करू शकते.

काच कॉटन वेस्टने (मशीन पुसायच्या सुताच्या गुंत्याने) पुसू नये. लोखंडाचा कण काचेला फारसं काही करत नाही, पण ग्राइंडिंग व्हीलचे कण आणि फाउंड्रीची वाळू काचेपेक्षा कठीण असतात, घासले की चरे पडणारच. आधी कण झटका, नंतर मायक्रोफायबर कापडावर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. थेट फोनवर फवारू नका. थिनर आणि पेट्रोल हाताशी असतं म्हणून वापरतात, त्याने काचेवरचा तेलरोधी थर जातो आणि प्लॅस्टिक मऊ पडतं. कव्हरच्या आत साचलेली पूड पॉलिश पेपरासारखं काम करते. खंडेनवमीला मशीनची साफसफाई होते, तसं कव्हर निदान आठवड्यातून एकदा काढून धुवावं.

काम चालू असताना ५ बाय ७ इंची झिपलॉक पिशवी पुरते. टच तिच्यातून चालतो, बोटाचा ठसा बहुधा ओळखत नाही, म्हणून पॅटर्न किंवा पिन नंबर ठेवा. पिशवी धुरकट झाली की बदला. पिशवीत ठेवून चार्जिंग मात्र करू नये, उष्णता कोंडते आणि चार्जिंग करताना बॅटरीचं तापमान ४५ अंशांच्या वर जाता कामा नये. चार्जिंगच्या तोंडाला सिलिकॉनचं बूच मिळतं, ते स्वस्त आणि कामाचं. फक्त लावण्याआधी त्यावरचा बुरा पुसा.

मालकांनी एक करावं. ठिणग्यांच्या रेषेत नसलेल्या भिंतीवर फोन ठेवायला झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा ठोकावा. स्टीलचा नको, त्यात रेंज जाते आणि गिऱ्हाइकाचा फोन लागत नाही.

आपले,
मोबाइल दुरुस्ती करणारे काही कारागीर, कोल्हापूर